केरीचं भाजीपावचं हॉटेल, उधारीची वही आणि खाशे

बेळगावला जाताना चोर्ला घाट चढायच्या आधी गोव्यातल्या केरीत चहाला थांबायचं हे आमच्या घरचं ठरलेलंच आहे, लहानपणी बाबांच्या स्कूटरवर मागे बसून आजोळी जायचो तेव्हापासूनचं. हॉटेल मात्र दरवेळी वेगळं, जिथे गाडी लावायला मिळेल तिथे. यंदा एकदा पाऊस असा कोसळत होता की वायपर चालू असून समोरचं दिसेना, म्हणून पहिलं जे कौलारू छप्पर दिसलं तिथे घुसलो, आणि आता तिसऱ्यांदा जाऊन आल्यावर हे लिहायला बसलोय. हॉटेलचं नाव घालत नाही. मालकांनीच सांगितलं, नाव नको घालूस, गर्दी झाली तर आम्हा दोघांना झेपणार नाही. दोघं म्हणजे काका आणि काकी, बाकी नोकर कोणी नाही. धरणाच्या बाजूने येताना कोणालाही विचारा, वहीवाल्यांचं हॉटेल म्हटलं की दाखवतील. वही कुठली ते पुढे सांगतो, कारण खरं सांगायचं तर हा अर्धा रिव्ह्यू त्या वहीचाच आहे.

आधी खाण्याचं. सकाळी पातळ भाजी आणि सुकी भाजी, दोन्ही बटाट्याच्याच पण चव एकदम वेगळी, आणि तिसरी अळसांद्यांची नाहीतर चण्याची, जे त्या दिवशी भिजवलं असेल ते. मिक्स मागा. मिक्स म्हणजे पातळ भाजीत एक पळी अळसांदे आणि वरून थोडा बारीक चिरलेला कांदा. नारळ ताजा असतो, जिभेला लगेच कळतं. पाव सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, देऊन जातो, कातरे आणि उंडे दोन्ही, उंडा मागाल तर आठच्या आत जा. मिरची भजी समोर तळून देतात, मिरची आतून चिरून थोडा ओवा-मीठ भरलेली, आणि पीठ पातळ, त्यामुळे नुसतं बेसन खाल्ल्यासारखं होत नाही. बन्स ठीक आहेत, मला थोडे जास्त गोड वाटले. चहा मात्र फार चांगला, आलं ठेचून घातलेला, काचेच्या ग्लासात, कागदी कप नाही म्हणजे नाही.

उणं काय ते पण लिहितो. पार्किंग नाही, रस्त्याच्या कडेला लावावी लागते आणि घाटातून उतरणारे ट्रक जोरात येतात त्यामुळे लहान मुलं असतील तर हात धरूनच उतरवा. मोबाईलला रेंज धड नाही त्यामुळे जीपे चालेलच असं नाही, सुटे पैसे ठेवा. वेळ लागतो. काका गिऱ्हाइकाशी बोलत बसले की भाजी गार होते, पहिल्या दिवशी माझा चहा वीस मिनिटं आलाच नाही आणि मी वैतागलो पण होतो. संडास मागच्या बाजूला आहे, स्वच्छ आहे, पण पावसात तिथवर भिजत जावं लागतं.

तर तो चहा येईपर्यंत मी भिंतीकडे बघत बसलो. देव्हाऱ्याखाली एक जुना फोटो आहे, ब्लॅक अँड व्हाईट, ओलीने कडा फुगलेल्या, त्यात पाच-सहा माणसं पायवाटेवर उभी आणि मध्ये एक उंच तरुण, पांढरा शर्ट. मी विचारलं, काका हे खाशे ना? बस, तेवढं पुरलं. काकांनी हात पुसले आणि गल्ल्याच्या खालून लाल कापडी बांधणीची वही काढली. सत्तरी तालुक्याच्या बाहेरच्यांसाठी सांगतो, खाशे म्हणजे प्रतापसिंग राणे, गोव्याचे माजी मुख्यमंत्री. आमच्याकडे त्यांचं नाव कोणी घेत नाही, नुसतं खाशे, म्हातारे काय आणि विरोधातले काय.

वही काकांच्या वडिलांची. पुढून उघडली तर उधारी, नावं, चहा दोन, पाव चार, असं. मागून उघडली तर निवडणुका. दर निवडणुकीला एक ओळ, वर्ष, निवडून आलेल्याचं नाव, आणि समोर पेनाने काढलेली निशाणी. पहिली ओळ 1972 ची आहे, समोर सिंह काढलाय, म्हणजे मगोप, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, शेपटी चांगली जमलीय पण तोंड मांजरासारखं झालंय. नंतरच्या ओळींत काँग्रेसचा हात येतो. 1972, 77, 80, 84, 89, 94, 99, 2002, 2007, 2012, 2017. शाई बदलते, पेन बदलतं, 2000 नंतर अक्षर काकांचं आहे कारण वडील गेले, पण नाव तेच. अकरा वेळा. एकदाही पडले नाहीत. मी ही गोष्ट पेपरात कितीदा वाचली असेल, पण ओळीखाली ओळ तेच नाव बघताना मला काहीतरी वेगळंच वाटलं, मी बोट ठेवून मोजलं.

त्या ओळींच्या मध्ये मध्ये वडिलांनी बारीक अक्षरात इतर गोष्टी पण टिपल्यात आणि मला तिथेच खरी मजा आली. 1973 च्या ऑगस्टात लिहिलंय, भाऊ गेले. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री, मगोपचे भाऊसाहेब बांदोडकर 12 ऑगस्टला गेले तेव्हाचं. राणे अमेरिकेत शिकून आलेले, घराणं सत्तरीतलं जुनं जमीनदार, ज्या राण्यांनी पोर्तुगीजांविरुद्ध बंडं केली, 1852 चं दीपाजी राण्यांचं बंड तर शाळेत शिकलेलं असतं, आणि असा माणूस भाऊंच्या बहुजनांच्या पक्षातून पहिल्यांदा उभा राहतो, निवडून येतो आणि मंत्री होतो. काका म्हणाले, आमच्या बाबांना तेव्हा विश्वासच बसत नव्हता की खाशे येऊन आमच्या बाकावर बसून चहा मागतात. आता हे भक्तीने बोललेलं आहे हे धरूनच मी ऐकलं, पण फोटो समोर होता, आणि त्यातल्या पायवाटेच्या जागी आज डांबरी रस्ता आहे हेही खरंच.

पुढची नोंद 1980 ची. जानेवारीत राणे मुख्यमंत्री झाले, गोव्यातले काँग्रेसचे पहिले. त्याआधी ताईंचं, म्हणजे भाऊंच्या कन्या शशिकलाताई काकोडकरांचं सरकार होतं, आणि ते शेवटच्या काळात ज्या आंदोलनाने हललं ते बसभाड्याचं, विद्यार्थ्यांना तिकिटात पन्नास टक्के सवलत हवी म्हणून 1978 च्या डिसेंबरात सुरू झालेलं. तेव्हा गोव्यात सगळ्या खाजगी बसेस. 1980 मध्ये सरकारी बसचं कदंब महामंडळ निघालं. आता पणजीत बसून हे नुसतं एक सरकारी महामंडळ वाटतं, पण केरीत ही गोष्ट वेगळी आहे. वहीत चक्क लिहिलंय, आजपासून बस थांबते, आणि त्या पानाच्या पुढच्या बाजूला, उधारीत, पावांचे आकडे वाढलेत! काका म्हणाले तोवर आमच्याकडे फक्त चहा आणि बिस्किट होतं, भाजी बस आल्यावर सुरू केली. म्हणजे मी खाल्लेल्या त्या पातळ भाजीचा उगम बसथांब्यात आहे. माझी मावशी ह्याच भागातून बसने साखळीला हायस्कुलात जायची, सवलतीचा पास होता म्हणूनच आजोबांनी पाठवली नाहीतर सातवीनंतर घरीच राहिली असती, हे आजी नेहमी सांगायची. मला हा धागा त्या दिवशी पहिल्यांदा जुळला, की पोरं रस्त्यावर उतरली, सरकार बदललं, महामंडळ आलं आणि मावशी मॅट्रिक झाली.

धरणाची नोंद आहे. अंजुण्याचं धरण इथून जवळच, आणि त्या कामावरच्या लोकांचा चहा ह्याच हॉटेलातून जायचा असं काका सांगतात. धरणाने सत्तरी-डिचोलीच्या शेतांना पाणी दिलं, बागायती उभ्या राहिल्या, आणि अंजुणे गाव पाण्याखाली गेलं, माणसं उठली, दुसरीकडे बसवली गेली. वहीत त्याबद्दल एकच शब्द आहे, उठले. त्याच्यापुढे काही नाही. उधारीच्या बाजूला दोन नावांवर आडवी रेघ मारलीय, काका म्हणाले ती अंजुण्याची माणसं, गेली तेव्हा बाबांनी उधारी सोडली.

1986, जुलै, पूल पडला. पणजीचा मांडवी नदीवरचा, 5 जुलैला. तेव्हा मी जन्मलो नव्हतो पण बाबा सांगतात फेरीबोटीला किती वेळ उभं राहावं लागायचं, नवा पूल व्हायला 1992 उजाडलं. आणि मग 1987 मध्ये लागोपाठ दोन नोंदी. फेब्रुवारीत राजभाषा, मेमध्ये राज्य झालं. हे दोन्ही राण्यांच्याच काळातलं. 4 फेब्रुवारीचा राजभाषा कायदा, देवनागरी कोकणी राजभाषा आणि सरकारी कामात मराठीचाही वापर, ह्यावर आजही आमच्याकडे दोन माणसं चहाला बसली की तीन मतं निघतात. त्याआधी दोन वर्षं आंदोलनं, बंद, रस्ते अडवलेले, माणसं मेली. माझं मत सांगतो, मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला त्या कायद्यात आपल्याला दुसऱ्या पाटावर बसवलं असं वाटतं आणि मलाही वाटतं, पण त्या वेळी डोकं शांत ठेवून मधला रस्ता काढणं हे सोपं काम नव्हतं आणि ते ज्यांनी केलं त्यांना त्याचं श्रेय द्यायला पाहिजे. राणे मुळातच कमी बोलणारे, आवाज चढवून भाषण करणारा माणूस नाही. मग 30 मे 1987 ला गोवा देशाचं 25 वं राज्य झालं, दमण आणि दीव वेगळे झाले. त्या दिवसाचं पेपराचं पान काकांनी वहीत घडी घालून ठेवलंय, उघडायला मी नको म्हटलं, घडीवर फाटायला आलंय.

ह्याच दहा वर्षांत गोवा विद्यापीठ झालं 1985 ला, कला अकादमीची कांपालची इमारत उभी राहिली, 1983 मध्ये राष्ट्रकुलातले पंतप्रधान-राष्ट्राध्यक्ष गोव्याला येऊन राहिले. वहीत ह्यातलं काहीच नाही. केरीतून पणजी तेव्हा लांब होती बहुतेक.

89 पासून विधानसभा 30 ची 40 जागांची झाली, सत्तरीचा मतदारसंघ फुटला आणि राणे पर्येतून उभे राहायला लागले. त्या निवडणुकीत काँग्रेसला 20, मगोपला 18. जेमतेम सरकार, आणि 1990 च्या मार्चमध्ये स्वतःचेच आमदार फुटून ते पडलं. तिथून गोव्यात जे सुरू झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. चर्चिल आलेमाव 18 दिवस मुख्यमंत्री, रवी नाईक 1994 च्या एप्रिलमध्ये सहा दिवस. वहीत ह्या काळात वडिलांनी एका पानावर मुख्यमंत्र्यांची नावं लिहायला घेतलीयत आणि अर्ध्यातच सोडून दिलीयत. राणे 1994 च्या डिसेंबरात परत आले, 1998 ला परत स्वतःच्याच माणसांनी पाडले. 2005 मध्ये परत, 2007 पर्यंत. सगळं मिळून पंधरा वर्षांच्या वर मुख्यमंत्री, गोव्यात दुसरं कोणीच इतकं नाही. मग सभापती, मग 2012 ते 2017 विरोधी पक्षनेते.

मला इथे एक गोष्ट मनापासून म्हणायचीय. दोनदा खुर्ची ओढून घेतल्यावर माणूस एकतर रुसून घरी बसतो नाहीतर दुसऱ्या पक्षात जातो. राणे सुरवातीला एकदा मगोपमधून काँग्रेसमध्ये आले ते आले, मग चाळीस वर्षं हललेच नाहीत. 2017 मध्ये तर मुलगा विश्वजित भाजपात गेला, सरकारात मंत्री झाला, आणि वडील समोरच्या बाकावर काँग्रेसमध्येच. एका घरात दोन पक्ष. ज्या राज्यात आमदार घाऊक पक्ष बदलतात तिथे मला ह्या गोष्टीचा आदर वाटतो, आणि तो मी लपवत नाही.

पण मग मी काकांना जमिनीचं विचारलं आणि काका गप्प झाले, मिरच्या तळायला उठले.

माझं आजोळ सत्तरीत, मला माहीत आहे. मोकासो जमिनी म्हणजे जुन्या काळी सरदार-जमीनदारांना दिलेली गावंच्या गावं. पिढ्यानपिढ्या माणसं तिथे काजू लावतायत, कुळागरं करतायत, नाचणी पेरतायत, आणि जमिनीचा एक-चौदाचा उतारा काढला की मालकाच्या रकान्यात नाव दुसऱ्याचं नाहीतर सरकारचं. बाकी गोव्यात भाऊंनी 1964 ला कूळ कायदा आणला, ताईंच्या काळात दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांसाठी मुंडकार कायदा आला, कसेल त्याची जमीन झाली, आणि सत्तरीचा हा गुंता तसाच राहिला. 2021 च्या जानेवारीत शेळ-मेळावलीला आयआयटीच्या जागेवरून बायका-पोरं पोलिसांसमोर उभी राहिली ते ह्याच दुखण्यातून, प्रकल्प शेवटी सरकारने मागे घेतला. पन्नास वर्षं आमदार, त्यातली दहा वर्षं सलग मुख्यमंत्री, हातात बहुमत, आणि ज्या माणसांनी अकरा वेळा मत दिलं त्यांच्या नावावर त्यांची जमीन झाली नाही. बस दिली, रस्ता दिला, विद्यापीठ दिलं, ते सगळं मी वर मोकळ्या मनाने लिहिलंय. पण सत्तरीच्या शेतकऱ्याला उतारा मिळाला नाही हे सगळ्यात मोठं काम राहिलं, आणि ते करायला त्यांच्याइतका जागेवरचा, त्यांच्याइतका ऐकला जाणारा दुसरा माणूस तेव्हा नव्हता, आताही दिसत नाही. म्हणून मला जास्त वाईट वाटतं. दुसरा कोणी आमदार असता तर मी एवढं लिहिलंच नसतं.

काका मिरच्या घेऊन आले, ताट ठेवलं आणि उभ्या उभ्याच म्हणाले, ती बागायत माझीपण माझ्या नावावर नाही रे. तरी तुम्ही मत दिलं? म्हणाले, आई आजारी पडली तेव्हा गाडी खाशांच्या माणसांनी पाठवली होती रात्री, मी काय करू. ह्या वाक्यावर मी तीन आठवडे विचार करतोय. रात्री गाडी पाठवणं मोठंच आहे, ज्याच्या घरी ती आली त्याला ते कळतं. पण गाडी मागावी लागणार नाही अशी जागा असावी, आणि उतारा मागायला कोणाच्या दारात जावं लागू नये, ही मागणी पण त्याच माणसाची आहे, फक्त तो ती बोलून दाखवत नाही, मिरच्या तळायला उठतो.

2022 च्या जानेवारीत सरकारने राण्यांना आयुष्यभराचा कॅबिनेट दर्जा दिला, पन्नास वर्षं पूर्ण झाली म्हणून, आणि त्यावर कोर्टात याचिका पण गेली. माझ्या मते हे नको होतं. मान द्या, विधानसभेत सत्कार करा, त्यांच्या भाषणांचं पुस्तक काढा, पण तिजोरीवर आयुष्यभराचा खर्च कशाला. त्याच वर्षीच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना पर्येतून उमेदवारी जाहीर केली आणि त्यांनी ती घेतली नाही, आणि सूनबाई दिविया राणे भाजपकडून उभ्या राहून मोठ्या फरकाने निवडून आल्या. वहीत 2022 च्या ओळीत काकांनी कमळ काढलंय, पाकळ्या मोजून पाच, आणि आडनाव तेच. मी विचारलं, काका इथे कधी दुसरं आडनाव येईल? म्हणाले, तुझ्या वेळेला बघ.

तर हॉटेलचं शेवटचं. भाजीपाव आणि चहासाठी जा, घाईत असाल तर जाऊ नका, कारण घाईत काका काही दाखवत नाहीत आणि भाजी पण उरकल्यासारखी वाढतात. रविवारी बेळगावच्या गाड्या थांबतात म्हणून बसायला बाक मिळत नाही, आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी सात ते नऊ ही वेळ बरी. दुपारनंतर भाजी संपलेली असते, फक्त चहा आणि बन्स. वही मागू नका, फोटोबद्दल विचारा, वही आपोआप निघते. वहीचे फोटो काढायला काकांनी मला नाही म्हटलं, तुम्हीही काढू नका, पुढच्या बाजूला लोकांची उधारी आहे. आणि देव्हाऱ्याकडच्या कोपऱ्यातल्या टेबलाचा पाय हलतो, तिथे बसू नका, माझा चहा सांडला होता आणि थोडक्यात 84 ची ओळ वाचली.

मी चतुर्थी झाली की परत जाणार आहे. वडिलांची आणखी एक वही माळ्यावर आहे म्हणे, पंचायतीच्या निवडणुकांची, त्यात आडनावं पुष्कळ वेगवेगळी आहेत असं काकी आतून ओरडून सांगत होत्या. काकांनी ती काढून ठेवतो म्हटलंय, पाऊस थांबला की शिडी लावून.